एफ अकरा एकटा सोडायचा नाही

मुनाफ,

रविवारी सकाळी तुझी फाईल माझ्या रांगेत येऊन बसली. इथला आठवड्याचा पहिला दिवस. मी चहाचा कागदी कप कीबोर्डच्या डावीकडे ठेवला (उजवीकडे ठेवला की तू ओरडायचास), संगणक उघडला, आणि एका अपेंडिक्सच्या आणि एका बाळंतपणाच्या मधोमध तू. नाव, वय, वॉर्ड. पुढे शेरा : मृत्यू. कोड करणे बाकी.

विभागात आपण दोघेच. त्यातला एक फाईलमध्ये गेला, तर उरलेल्याने काय करायचं हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. मी उठून मुदीरकडे, आपल्या साहेबाकडे, गेलो. म्हटलं, ही मला नको, दुसऱ्या कोणाला द्या. मुदीर जपमाळ फिरवायचा थांबला आणि म्हणाला, "कोणाला देऊ?" गंमत म्हणजे तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मी परत जागेवर आलो आणि सवयीने त्याची नक्कल केली. जपमाळ, वर गेलेली डावी भुवई, "कोणाला देऊ?" इतकी हुबेहूब मला आजवर कधी जमली नव्हती. समोर तुझी खुर्ची होती. तिच्या पाठीला तू बांधलेली ती कमरेची उशी तशीच आहे.

मला अजून रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात खोटं रडण्यासाठी प्रसिद्ध असलेला माणूस मी. तू पहिल्या रांगेत बसून मोठ्याने म्हणायचास, "बघा बघा, नाटक्याचे नळ सुटले." आता नळ कोरडे आहेत. जेवतो, झोपतो, फाईली करतो. दमामच्या कब्रस्तानात तुला नेलं तेव्हा मी फाटकाजवळ, गाड्यांच्या ओळीत उभा होतो. आत यायला कोणी अडवलं नव्हतं, पाय तिथेच थांबले. लोक हात झटकत बाहेर आले, एकाने मला पाण्याची बाटली दिली, मी ती प्यायलो आणि पाणी थंड आहे असं वाटलं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं.

आता मंडळाच्या अंकात हे वाचणाऱ्या मंडळींना आपलं काम सांगायला हवं. तू असतास तर एका वाक्यात सांगितलं असतंस. मी नाटक्या, मला चार लागतील.

डॉक्टर शब्दांत लिहितो, विमा कंपनी शब्द वाचत नाही. मधे आपण. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे आहेत, ते आपण लावायचे. डॉक्टरने लिहिलं नाही ते आपण लिहायचं नाही, आणि त्याने लिहिलेलं गाळायचं नाही. मी लावलेले कोड तू तपासायचे, तू लावलेले मी. आणि आपल्या दोघांचा म्हणून एक रिवाज : स्वतःच्या घरातल्या माणसाची फाईल स्वतः उघडायची नाही, दुसऱ्याला द्यायची. माझा मुतखडा तू कोड केलास आणि महिनाभर मला 'खडकवासला' म्हणून हाक मारलीस. माझ्या बायकोचं बाळंतपण तू कोड केलंस. मुलगी झाल्याचं घरच्यांच्याही आधी तू मला सांगितलंस, कारण फाईल आधी तुझ्याकडे पोचली होती. तुझ्या घरचं सगळं माझ्याकडे. तुझ्या लेकीचे, सनाचे टॉन्सिल, वहिनींचं थायरॉईड. आणि तुझी पाठ.

तुझं ते कारणांचं वेड मी कोणालाही सांगून पटवू शकलेलो नाही. माणसाचं हाड मोडलं की हाडाचा कोड लागतो. पण पुस्तकाच्या मागच्या भागात आणखी कोड आहेत, ते का मोडलं हे सांगणारे. शिडीवरून पडला. झाडावरून पडला. खुर्चीवरून पडला. तिन्हींना वेगळे. विमा कंपनी ते मागत नाही, म्हणून जगात कोणी लावत नाही. तू लावायचास. दोन ओळींच्या फाईलसाठी आर्थोपेडिकच्या डॉक्टरला फोन करून विचारायचास, "डॉक्टरसाब, गिरा तो किस पर से गिरा?" पलीकडून शिव्या यायच्या. मी म्हणायचो, अरे श्रीवर्धनच्या शहाण्या, कोणाला पडलंय कशावरून पडला? तू चष्मा कपाळावर ढकलायचास आणि म्हणायचास, "नुसतं हाड मोडलं असं लिहिलं की माणूस आपोआप मोडला असं वाटतं रे."

मग एक दिवस तुझाच फोटो आला. एक्स-रेचा. रास तनुराच्या रस्त्यावर सिग्नलला तू गाडी थांबवून उभा, आणि मागून पिकअप. मणक्याचं ऑपरेशन झालं. वेदनेसाठी गोळ्या दिल्या, त्या डॉक्टरने दिल्या आणि तू डॉक्टरने सांगितल्या तशाच घेतल्यास. कधी वेळ चुकवली नाहीस, कधी जास्त घेतली नाहीस. तू बिलाच्या पावत्याही तारखेवार लावून ठेवणारा माणूस. गोळ्या बंद करायची वेळ आली तेव्हा मात्र शरीर ऐकेना. घाम, थरथर, जुलाब, झोप नाही. तू मला कँटीनमध्ये सांगितलंस, लबनेचं सँडविच हातात तसंच धरून : "पाठ बरी आहे. पण गोळी सोडवत नाही. मी आपल्या मानसोपचारवाल्या सुदानी डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी लिहिलंय. उद्या फाईल तुझ्याकडे येईल. म्हणून म्हटलं, आधी माझ्या तोंडून ऐक."

अशी आतली बातमी मला आयुष्यात कोणी दिलेली नाही. आणि मी काय केलं? बाजूच्या टेबलावरचा मल्याळी नर्स बघतोय म्हणून तुझ्या सँडविचमधला अर्धा तुकडा तोडून खाल्ला.

डॉक्टरांनी लिहिलं होतं : अफूच्या जातीच्या औषधावरचं अवलंबन. कोड एफ अकरा. पुढे बिंदू, पुढे दोन. आणि उपचार म्हणून ती नवी गोळी, जिभेखाली ठेवायची, जी शरीराला शांत करते आणि हळूहळू सोडवते.

तेव्हाचं आपलं भांडण मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण त्याचे प्रयोग मी मनात पुष्कळ केलेत. दोन्ही भूमिका मीच करतो.

"मी पाठदुखी लिहितो," मी म्हणालो. "पाठ तुझी दुखतेच आहे. खोटं काय त्यात?"

"पाठदुखीला जिभेखालची गोळी देतात होय?"

"तो पलीकडचा माणूस गोळी बघत नाही. कोड बघतो."

"म्हणून तर कोड बरोबर हवा."

"मुनाफ, इकामा नवा व्हायचाय तुझा, तो नाही तर इथे राहणं नाही. आणि तो काढून देणारा कफील म्हणजे हेच हॉस्पिटल. एचआरमध्ये तो कोड बघितला की काय होईल? खलास. बायकापोरांना घेऊन श्रीवर्धनला सुपाऱ्या सोलत बसशील."

"सुपारीला भाव आहे सध्या."

"मस्करी नको."

"मस्करी तू कर, ते तुझं खातं." मग तू चष्मा वर केलास आणि मला कळलं की आता ऐकावं लागणार. "एफ अकरा लिही. पण एकटा सोडू नको. मागच्या भागातला तो लाव शेजारी."

मागच्या भागातला 'तो' म्हणजे : योग्य रीतीने दिलेल्या औषधाचा अनिष्ट परिणाम. शिडीवरून, झाडावरून, खुर्चीवरून, तसंच हे. पडला तर कशावरून पडला.

"विमा कंपनी तो मागत नाही," मी म्हणालो.

"मी मागतोय."

मी दोन्ही लावले. हात आपटत लावले. विमा कंपनीकडून नकार आला, नशेच्या पदार्थांचा गैरवापर पॉलिसीत बसत नाही म्हणून. मी विजयी मुद्रेने तुझ्यासमोर उभा, नाटकात खलनायक उभा राहतो तसा, हात कमरेवर. तू उत्तर लिहिलंस, तुझ्या त्या सरळ इंग्रजीत : दुसरा कोड वाचावा. यात गैरवापर नाही. औषध दिलं गेलं, सांगितलं तसं घेतलं गेलं, आणि हा त्याचा परिणाम आहे. मंजुरी आली. तुझा इकामाही नवा झाला. एचआरमधलं कोणी एका शब्दाने बोललं नाही.

"नशीब चांगलं तुझं," मी म्हणालो.

"नशीब नव्हे, दुसरा कोड."

"नशीब."

"कोड."

हे कितीतरी दिवस चाललं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, समुद्राकाठी कॉर्निशवर मुलं सायकली फिरवत असताना. दोघांच्या बायका वैतागून पुढे चालायच्या.

आणि मग तो बाक. तो मी कोणाला सांगितलेला नाही. फार्मसीच्या मागच्या खोलीत नर्ससमोर तू रोज सकाळी ती गोळी जिभेखाली ठेवायचास, आणि ती विरघळेपर्यंत तुला बोलायची मनाई. गिळायची नाही, पाणी नाही, शब्द नाही. बाहेरच्या बाकावर मी तुझ्याबरोबर बसायचो. मुनाफ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला असा श्रोता मिळाला ज्याला उत्तर देता येत नव्हतं! मी काय काय केलं त्या बाकावर! मुदीर केला. आर्थोपेडिकचा डॉक्टर केला. तुझ्या शिडी-झाड-खुर्चीवर पूर्ण एकपात्री केला, ज्यात एक माणूस एकाच वेळी तिन्हींवरून पडतो आणि कोडर गोंधळून राजीनामा देतो. तू ओठ घट्ट मिटून, नाकाने हसत, डोळ्यांत पाणी, हाताने खूण करायचास, थांब, थांब, गोळी गिळली जाईल. नर्स आतून ओरडायची, "चेट्टा, उसको मत हसाओ!" आणि गोळी विरघळली की तू तोंड उघडायचास आणि माझ्या सगळ्या कार्यक्रमाची चिरफाड करायचास, पहिल्या वाक्यापासून. तेवढा वेळ तू ती साठवून ठेवायचास.

एकदाच तू काही बोलला नाहीस. रास तनुराच्या एका ठेकेदाराकडे परांची बांधणारा तो रत्नागिरीकडचा कामगार. त्यालाही ऑपरेशननंतर तेच झालं, तोच डॉक्टर, तीच गोळी. त्याच्या फाईलवर तूच कोड लावलेस, दोन्ही, शेजारी शेजारी. ठेकेदाराने त्याला परत पाठवून दिलं. त्याने दुसरा कोड वाचलाच नाही. मी तुझ्या टेबलाशी आलो. म्हटलं, "याच्याही शेजारी होता ना रे दुसरा? मग? मी पाठदुखी लिहिली असती तर तो आज इथे असता." तेव्हा तुझ्या जिभेखाली गोळी नव्हती. तरी तू बोलला नाहीस. चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास, आणि पुढची फाईल उघडलीस.

ते आपलं तिथेच राहिलं. नंतर तू गोळी कमी करत आणलीस, अगदी थोडीशी उरली होती. पण हृदय मधेच थांबलं. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, हृदयरोगतज्ज्ञाने स्पष्ट लिहिलंय. तुझ्या अब्बांचंही असंच थांबलं होतं. आयसीयूत असताना तुला ती गोळी चालू ठेवली, म्हणून डॉक्टरांनी शेवटच्या नोंदीत तिचं कारणही लिहिलं. लिहिलंय म्हणजे कोड करायचं. नियम आहे.

मंगळवारी वहिनी आल्या. तुझं सामान न्यायला, सनाला घेऊन. चहाचा मग, नमाजाचं जानमाज, चष्म्याचं घर, ती सुपारीची डबी. कमरेची उशी त्यांना दिसली नाही आणि मी सांगितलं नाही. ती इथेच आहे. राहू दे.

निघताना त्या दाराशी थांबल्या. "भाऊजी, फाईलची एक प्रत आम्हाला मिळणार ना?"

"हो वहिनी."

"ती गावी जाईल. थोरले दीर बघतील, मोहल्ल्यात चार माणसं बघतील. त्यात तो शब्द असेल का?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे हार्टने गेले. पण तिकडे गर्दुल्ला म्हणतील हो. सनाचं लग्न व्हायचंय. तेवढं गाळता येईल का तुम्हाला?"

बघ आता. ज्यासाठी मी तुझ्याशी भांडलो ते माझ्या हातात आलं होतं, आणि मागणारी तुझी बायको. तपासायला तू नाहीस. मी म्हणालो, "काळजी नका करू, मी बघतो." त्या गेल्या. मी फाईल उघडली. हृदयाचा कोड लावला. साखरेचा लावला. मग थांबलो. औषधांच्या यादीत ती गोळी होती, तिचं नाव स्पष्ट. तिच्यासमोर कारण नाही असं ते पान दिसायला लागलं. कोणीही हुशार माणूस ती यादी वाचेल आणि म्हणेल, ही गोळी कशाला? आणि जे म्हणेल ते तुझ्याबद्दल त्याच्या मनात येईल ते असेल. शिडी नाही, झाड नाही, खुर्ची नाही. तू आपोआप मोडलेला.

एफ अकरा लिहिला. पुसला. परत लिहिला. मग संगणक बंद केला आणि घरी गेलो. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हणालो, काही नाही. खरंच काही होत नव्हतं.

शुक्रवारी बायकोने वरणभाताचा डबा केला आणि आम्ही तुमच्याकडे गेलो. घरात बायका खूप होत्या, कुणाचंतरी बाळ रडत होतं. वहिनी स्वयंपाकघरात एका स्टुलावर. मी उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, मी तुम्हाला 'बघतो' म्हणालो. पण आधी एक वाचून दाखवतो, मग तुम्ही सांगाल तसं." आणि मोबाईलवरून तो दुसरा कोड, त्याचं वाक्य, मराठीत करून वाचलं. माझा नाटकातला आवाज लागला नाही. साधा लागला.

वहिनींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सना फ्रीजला टेकून उभी होती, तिने त्यांना समजावलं, तिच्या पद्धतीने : "मम्मा, इट मीन्स इट वॉजन्ट हिज फॉल्ट."

मी सांगणार होतो की कोडमध्ये दोष हा शब्दच नाही, कोड फक्त कारण सांगतो. तू नक्की सांगितलं असतंस. पोरीला दुरुस्त केलं असतंस, बापाच्या मौतीतसुद्धा. राहू दे तिचं भाषांतर.

वहिनी म्हणाल्या, "हा त्याच्या शेजारीच छापतात? वेगळ्या पानावर नाही ना जात?"

"शेजारीच. लगेच खालच्या ओळीत."

"आधी नाही लिहिता येणार हा? वर?"

"नाही वहिनी. क्रम ठरलेला आहे. आधी काय झालं, मग का झालं."

त्यांनी बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवली. मग म्हणाल्या, "मग दोन्ही लिहा. पण पहिल्याला एकटं सोडू नका."

मी विचारलं, "हे तो घरीही म्हणायचा?"

"घरी?" वहिनी कितीतरी दिवसांनी थोड्याशा हसल्या. "अहो भाऊजी, कालवणात मीठ जास्त झालं तरी मला कारण सांगावं लागायचं. नुसतं खारट झालं म्हटलेलं चालायचं नाही यांना." आणि मग त्या रडायला लागल्या, माझी बायको रडायला लागली, सनाही. मी त्या स्वयंपाकघरात मधोमध डबा धरून उभा. अख्ख्या मंडळाला रडवणारा माणूस. माझं झाकण उघडेना. डब्याचंही.

हे इथे छापायलाही वहिनींनीच हो म्हटलंय. "अर्धवट ऐकण्यापेक्षा नीट वाचू दे लोकांना," असं म्हणाल्या. तेव्हा दिरांनाही हे वाचायला मिळेल. सलाम वालेकुम.

पुढच्या रविवारी मी दोन्ही लिहिले. शेजारी शेजारी. मग फाईल तपासायला पाठवायची म्हणून बटण दाबलं, आणि यंत्राने नेहमीप्रमाणे तुझं नाव पुढे केलं. स्वतःचं स्वतः तपासता येत नाही, म्हणून मुदीरने ती रियाधच्या शाखेत पाठवली. तिथला कोणी तरुण कोडर, आवाज माहीत नाही, चेहरा माहीत नाही. त्याची शंका दुपारी आली, नम्र भाषेत : दुसऱ्या कोडची आवश्यकता आहे का? विमा कंपनी तो मागत नाही.

माझंच वाक्य. अक्षरशः माझं. इतकी वर्षं तुझ्यासमोर हात कमरेवर ठेवून म्हटलेलं.

लांबलचक उत्तर लिहायला मला किती आवडलं असतं, तू जाणतोस. शिडी, झाड, खुर्ची, श्रीवर्धन, सगळं घातलं असतं. मी लिहिलं, "आवश्यक आहे." खाली माझं नाव घातलं. त्याने मान्य केलं. यल्ला, चला. तू माझ्या रांगेतून निघून गेलास. आता तिथे एक गुडघा आहे आणि एक मोतीबिंदू.

पण वाद तू जिंकलास असं समजू नकोस. तो परांचीवाला अजून आहे. त्याच्या शेजारी दुसरा कोड होता आणि तरी त्याला घालवलं, आणि तू नुसता चष्मा पुसलास. त्याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं की तू साठवून ठेवलं होतंस, ते मला कळायला हवं.

आज सकाळी मी फार्मसीच्या बाहेर जाऊन बसलो. नर्सने आतून पाहिलं, ओरडली नाही. मी तुला सगळं सांगितलं, मुदीर, रियाधचा पोरगा, मीठ, सगळं. आता तुझी पाळी. मी बाकावर आहे. गोळी विरघळली की बोल.